दोन नंबरच्या शेडचे मास्तर

मास्तरांना आमच्या बागेत आणलं ते झाडांना वाजवून दाखवायला. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "खरंच?" अहो, खरंच. पगारी माणूस. सकाळी आठ ते साडेनऊ, दोन नंबरच्या शेडमध्ये, जरबेऱ्याच्या चार हजार रोपांसमोर लाकडी खुर्ची टाकून क्लॅरिनेट वाजवायची. काम एवढंच. आणि मी, बावीस वर्षं त्या फुलबागेत पाण्याचा मुकादम, वॉल्व्ह फिरवून फिरवून मनगटं गेलेला माणूस, हा तमाशा बघत उभा.

मालकांनी कुठेतरी वाचलं होतं की संगीत ऐकवलं की झाडं जोमाने वाढतात. मालक वाचतात, हे आमचं जुनं दुखणं. त्याआधी एकदा त्यांनी वाचलं की किड्यांना निळा रंग खपत नाही. झालं, पाचही शेडचे खांब निळे. किडे होते तिथेच राहिले, आमचे सदरे मात्र निळे झाले. तेव्हा संगीताचं ऐकून मी कपाळाला हात लावला आणि कामाला लागलो. म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल आपोआप.

पण त्यांची मुलगी, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, शेतकीचं शिकून आलेली. ती म्हणाली, "बाबा, ऐकवायचंच असेल तर नीट तपासून तरी बघू." दोन नंबरच्या शेडमध्ये संगीत, तीन नंबरमध्ये नाही. दोन्हीकडे एकाच जातीचं रोप, एकाच दिवशी लावलेलं, माती तीच, खत तेवढंच, पाणी तेवढंच. तिने एक कागद तयार करून दोन्ही दारांना टांगला. त्यावर रोजची तारीख आणि पुढे छापलेलं, 'पाणी दोन्हीकडे सारखे.' त्याच्यापुढे सही माझी.

"मुकादमकाका, पाण्यात फरक पडला तर सगळंच फुकट जाईल," ताई म्हणाली.

"ताई, पाण्याची काळजी तुम्ही करूच नका," मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आधी शेडमध्ये स्पीकर लावला होता. आतल्या ओलाव्याने तो पंधरा दिवसांत बसला. दुसरा आणला, तोही बसला. तेव्हा मालकांनी माणूसच ठेवायचं ठरवलं. माणूस ओलाव्याने खराब होत नाही, असा हिशेब असावा.

मास्तर आले तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. उंच, पाठीत वाकलेले, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या दालनात पाच जणांचा वाद्यवृंद होता, त्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेली. लोक जेवायचे, हे वाजवायचे. "अठ्ठावीस वर्षांत एकदा एका बाईंनी मागे वळून बघितलं," त्यांनी मला सांगितलं होतं. "मला वाटलं, दाद देतायत. त्यांना मीठ हवं होतं." पुढे हॉटेलवाल्यांनी यंत्र आणलं आणि पाचही जणांना घरी पाठवलं. घरी म्हणजे कुठे, तर मास्तर हॉटेलच्याच मागच्या खोलीत राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खोली खाली करावी लागली आणि माणूस रस्त्यावर आला.

आमच्या मालकांनी त्यांना पॅकिंगच्या खोलीवरची खोली दिली. एक खिडकी, एक खाट, एक शेगडी. देताना सरळच सांगितलं, "वाजवताय तोवर खोली तुमची. वाजवणं सुटलं की खोली सुटली." मालक तसे वाईट नाहीत. पण बोलणं असं, रोखठोक.

"तुम्हाला पटतं का हो हे?" मी एकदा मास्तरांना विचारलं. "झाडांना काय कान असतात?"

"मला काय माहीत," ते म्हणाले. "पण झाडं निदान समोर बसून जेवत नाहीत."

मला त्यांचा रागच होता. खोटं कशाला बोलू? आम्ही उन्हातान्हात मरमर मरायचं आणि हे खुर्चीवर बसून फुंकणार. सकाळी सात वाजता मी एकेका शेडच्या दाराशी जाऊन वॉल्व्ह उघडायचो. आत वरून बारीक फवारा सुरू व्हायचा आणि खाली मुळाशी थेंब थेंब. दहाला पुन्हा एक फेरी, सगळे बंद. बावीस वर्षं हेच. पण मास्तर आल्यापासून आठ ते साडेनऊच्या मध्ये मी दोन नंबरकडे फिरकत नसे. लांबून ते कुईकुई ऐकू आलं तरी माझं डोकं तापायचं. फुलं तोडणाऱ्या बायकांना तर विषयच मिळाला. त्या झाडांना 'श्रोते' म्हणायला लागल्या. "मुकादम, आज श्रोत्यांना पाणी दिलंत का? मैफल सुरू व्हायची वेळ झाली."

तिसऱ्या महिन्यात ताईने मापं घेतली आणि माझं तोंड बंद झालं. दोन नंबरमधले देठ चार बोटं जास्त लांब. फुलं मोठी, जास्त, रंगाने भरलेली. तीन नंबरमध्ये दर चारातलं एक रोप बुंध्याशी सडून गेलेलं, दोन नंबरमध्ये मेलेली रोपं शोधावी लागत होती. ताईने पुन्हा मोजलं. तेच. मालकांना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी खोक्यांवर चिकटवायला चिठ्ठ्या छापून आणल्या, 'संगीतावर वाढलेली फुलं.' फोटोवाले आले, बाहेरगावचे बागवाले आले. मास्तरांच्या खुर्चीला गादी आली.

बायका म्हणाल्या, "काय हो मुकादम, तुमच्या पाण्यापेक्षा मास्तरांची फुंकर भारी निघाली."

मी त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

मास्तरांना मात्र या कौतुकाचं काही वाटतंय असं दिसेना. खाली मान घालून यायचे, वाजवायचे, जिना चढून खोलीत जायचे. खरं सांगायचं तर इतका थकलेला माणूस मी पाहिला नव्हता. आम्ही दमायचो ते हातापायांनी, रात्री झोपलं की सकाळी उतरायचं. त्यांचं तसं नव्हतं. ते सकाळीच दमलेले यायचे. वाजवण्याआधी ओठ पुसत पाच मिनिटं नुसते बसायचे, आणि मग उचलणं जिवावर आल्यासारखी ती क्लॅरिनेट उचलायचे.

सहाव्या महिन्यात दाताचं सुरू झालं. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात तोंडातल्या नळीवर टेकवावे लागतात, हे मला तेव्हा कळलं. सगळा भार तिथे. चाळीस वर्षांत त्यांचे ते दोन दात खिळखिळे झालेले, हिरड्या सुजलेल्या. दातांचा डॉक्टर म्हणाला, वाजवणं थांबवा, नाहीतर दोन्ही दात जातील आणि वर जबड्यात पू होईल. मास्तर औषध घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता खुर्चीवर हजर. रुमालावर रक्त दिसायचं. नळीवर रबराचा एक तुकडा लावून वाजवायचे.

माझा राग तिथे जरा निवळला. माणूसच आहे मीही. एकदा म्हणालो, "मास्तर, थोडे दिवस राहू द्या ना."

"चालतंय तोवर चालू दे," ते म्हणाले.

मला वाटलं, खोलीपायी करतायत. दुसरं काय वाटणार?

त्याच सुमारास कधीतरी, पंपापाशी उभे होतो आम्ही दोघं, तर मास्तर हळूच म्हणाले, "मुकादम, बाकीच्या शेडमधली माती जरा जास्तच ओली वाटते, नाही?" झालं! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हे बघा मास्तर, तुम्ही वाजवता तेव्हा मी कधी म्हणतो का, इथे सूर चुकला म्हणून? पाण्यातलं मला शिकवू नका. तुमचे केस काळे होते तेव्हापासून मी इथे वॉल्व्ह फिरवतोय." चार बायका ऐकत होत्या, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढवला. मास्तर "बरं" म्हणाले आणि गेले.

अकराव्या महिन्यात त्यांचा गाल टम्म सुजला, तापही भरला. मालकांनी सुट्टी दिली. दोन नंबर शेड शांत झाली. मला बरं वाटलं असं म्हणायला हवं, पण सकाळी तिकडून आवाज आला नाही की हात थबकायचा. असो.

आठव्या दिवशी दोन नंबरमध्ये पहिली रोपं माना टाकायला लागली. नवव्या दिवशी बुंध्याशी तपकिरी डाग. दहाव्या दिवशी आख्खी एक ओळ. मालक शेडमध्ये आले आणि डोळे विस्फारून बघतच राहिले. "बघितलंत?" ते म्हणाले. "आणखी काय पुरावा पाहिजे? दहा दिवस संगीत नाही तर मरायला लागली! बोलवा मास्तरांना. निदान अर्धा तास तरी वाजवा म्हणावं."

निरोप वर गेला आणि दुसऱ्या दिवशी मास्तर उतरले. मी लांबून बघितलं. एक गाल दुसऱ्याच्या दुप्पट. हातात क्लॅरिनेटची पेटी. पायरीवर टेकून टेकून येत होते. मला राहवेना. म्हटलं, मालक काय म्हणायचं ते म्हणोत, याला परत पाठवायचा. पावणेआठला मी दोन नंबरच्या दाराशी पोचलो, तर मास्तर वाकून वॉल्व्ह फिरवत होते. माझा वॉल्व्ह.

"मास्तर! हात काढा तिथून!"

ते दचकले नाहीत. "बंद करतोय," म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"रोजच करतो की. साडेनऊला झालं की परत उघडतो."

"रोज? म्हणजे पहिल्यापासून?"

"मग आत बसणार कसा, मुकादम? छत्री घेऊन?" ते म्हणाले. "आणि ही क्लॅरिनेट लाकडाची आहे. ओल लागली की फुगते, तडा जातो. पहिल्याच दिवशी बंद केला होता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार."

मी तिथेच पालथ्या क्रेटवर बसलो. इतकी साधी गोष्ट! फवारे चालू असताना त्या शेडमध्ये दीड मिनिट उभं राहिलं तर माणूस निथळतो. अकरा महिने तिथे एक माणूस रोज दीड तास कोरड्या सदऱ्यात बसून वाजवत होता. मालक आले, ताई आली, फोटोवाले आले, बाहेरगावचे आले. सगळे कोरडे परत गेले आणि एकाच्याही मनात प्रश्न आला नाही. बाकीच्यांचं सोडा. मी पाण्याचा मुकादम. एक शेड बंद झाली की बाकीच्यांत पाण्याचा जोर वाढतो; तो वाढलेला दिसायचा, तर मी समजत होतो पंप सुधारला.

आणि मग पुढचं डोक्यात आलं. तीन नंबरला तीन तास पाणी, दोन नंबरला जेमतेम सव्वा तास. तीन नंबर सडत होती, दोन नंबर डोलत होती. दहा दिवस मास्तर नव्हते, दोन नंबरलाही तीन तास मिळाले, तीही सडायला लागली. झाडं संगीतावर वाढत नव्हती. झाडं माझ्या तावडीतून वाचत होती.

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात," मास्तर म्हणाले. ते माझ्या शेजारी क्रेटवर टेकले. "रोज दीड तास झाडांसमोर बसलं की बघायला दुसरं असतं काय? तीन नंबरमध्ये जाऊन मातीत बोट घातलं. चिखल."

"मग बोलायचं नाही का!"

"बोललो होतो की. पंपापाशी."

मी मान खाली घातली. पण माझं तोंड ते माझंच तोंड. म्हटलं, "मी ओरडलो म्हणून गप्प बसलात? ताईंना सांगायचं!"

"ताईंनी पहिला प्रश्न काय विचारला असता? किती वर्षं असं चाललंय, हाच ना? त्या कागदावर रोज तुमची सही आहे. तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची." त्यांनी गालाला हात लावला. "माझं काय? जन्मभर फुंकलंच आहे. अजून दोन वर्षं फुंकलं असतं. शिवाय खोली होती. मी काही अगदीच साधू नाही, मुकादम."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. ज्या माणसाला मी अकरा महिने ऐतखाऊ समजत होतो, तो तोंडात रक्त येईपर्यंत माझी चूक झाकत बसला होता. आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव. मी ताडकन उठून म्हणालो, "तुम्हाला हे उपद्व्याप करायला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं?"

"ओरडू नका हो," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "ठणका पार डोक्यात जातो."

मी त्यांच्या हातातली पेटी काढून घेतली. "आज वाजवायचं नाही. वर जाऊन झोपा."

"राहू द्या, मुकादम. उगाच विकोपाला जाईल."

"झोपा म्हटलं ना!"

बोललो खरा आणि ऑफिसकडे निघालो. गप्प बसलो तर यांचा जबडा जाणार. बोललो तर यांची खोली जाणार, आणि माझी बावीस वर्षांची अब्रू. तिसरी वाट काही सुचेना. खरं तर विचार करायची ताकदच उरली नव्हती. मी चिखलाच्या बुटांनीच आत गेलो. मालक आणि ताई दोघंही होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

ताईने कपाटातून तो कागदांचा गठ्ठा काढला. अकरा महिन्यांचा. एकेक पान उलटत गेली. प्रत्येक ओळीपुढे माझी सही.

"काका, तुम्ही रोज सही केलीत."

"केली."

"न बघता?"

"न बघता."

"तीन तास पाणी हे ठरवलं कुणी?"

"नेच्यांच्या वेळी ठरलं होतं," मी म्हणालो. पूर्वी आमच्याकडे गुच्छात घालायची ती हिरवी पानं, नेचे, लावलेले असायचे. त्यांना पाणी लागतं भरपूर.

"नेचे काढून किती वर्षं झाली?"

"आठ."

आठ वर्षं जरबेरा सडत होता आणि आठ वर्षं मी सांगत होतो की रोपच हलकं आलंय. ताईने आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं. तिने फक्त गठ्ठा बांधून परत कपाटात ठेवला.

पुढे सहा आठवडे तिने पाचही शेडला एकच तास पाणी दिलं. संगीत कुठेच नाही. सगळ्या शेड सारख्या फुलल्या. मी ताईला विचारलं, "म्हणजे संगीताचं सगळं थोतांडच ना?" तर ती म्हणाली, "तेही सांगता येत नाही, काका. आपण ते कधी तपासलंच नाही. आपण वर्षभर फक्त पाणी तपासलं." मला हे उत्तर आवडलं नाही. निदान एवढी फजिती होऊन काहीतरी एक नक्की कळायला हवं होतं.

वॉल्व्हवर घड्याळाचं यंत्र बसलं. मला देठ कापायच्या टेबलावर बसवलं, बायकांच्या ओळीत. पहिले दोन दिवस त्यांनी टोमणे मारले, मग त्याही थांबल्या. त्यांचं थांबणंच जास्त लागलं. चिठ्ठ्या मात्र खोक्यांवर लागतच राहिल्या, छापलेल्या वाया कशा घालवायच्या म्हणून.

मालक माझ्यावर रागावले तेवढे कमीच होते. पण त्यांचा राग मास्तरांवर निघाला. "त्यांनी मुद्दाम वॉल्व्ह बंद केला," ते म्हणायला लागले. "आम्हाला बनवलं." मी हात जोडून सांगितलं, मास्तरांनी काही केलं नाही, गाढव मी आहे, त्यांना खोलीत राहू द्या, काहीतरी काम द्या. मालक म्हणाले, "वाजवणं सुटलं की खोली सुटली. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." महिनाअखेर खोली रिकामी करायची.

म्हणजे खरं बोलून मी केलं काय, तर ज्याने मला वाचवलं त्याला बेघर केलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं. आमच्या लेकीचं लग्न झाल्यापासून बाहेरची खोली रिकामीच आहे. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "घेऊन या त्यांना. आणि हे विचारायला सहा आठवडे लागले तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मी जिना चढून वर गेलो. मास्तरांनी बांधाबांध केली होती. बांधायला होतं काय, एक ट्रंक, एक वळकटी. खिडकी पुसून ठेवलेली. ते खाटेवर बसले होते. दोन्ही दात आधीच्याच आठवड्यात काढलेले, त्यामुळे चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"कुठे जाणार?" मी विचारलं.

"बघतोय. एका धर्मशाळेत विचारलंय."

"धर्मशाळेत कशाला? माझ्या घरी चला."

ते बघत राहिले. मला वाटलं, आता नाही म्हणणार. माणूस मानी होता. मी भराभर बोलत सुटलो, बाहेरची खोली आहे, दार वेगळं आहे, बायकोनेच सांगितलंय, चार दिवस नाही, कायमचं. मग त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना असं, आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं,

"मुकादम, तिथे वाजवावं लागेल का?"

थट्टा नव्हती ती. खरोखर विचारत होते. आयुष्यात त्यांना ज्याने ज्याने डोक्यावर छप्पर दिलं, ते फुंकण्याच्या बदल्यात. मी तर त्यांना दात नसताना बोलवायला आलो होतो, आणि तरी त्यांना ते विचारावंसं वाटलं. नेहमीसारखा ओरडलो असतो तर सुटलो असतो, पण त्या दिवशी ओरडता येईना.

"नाही, मास्तर," मी म्हणालो. "नुसतं राहायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

त्यांनी तो शब्द आणखी एकदा स्वतःशीच म्हटला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रडायला लागले. मी ट्रंकेची एक कडी धरून, त्यांचं होईपर्यंत, तसाच उभा राहिलो.